रक्तप्रवाह घटला की औषधाचा क्लिअरन्स किती घटतो? गणित कोणत्या क्रमाने करायचं

उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी एकच वाक्य भेटतं: 'रुग्णाचा लिव्हरचा रक्तप्रवाह ४० टक्के कमी झाला, म्हणून औषधाचा क्लिअरन्स ४० टक्के कमी होईल, म्हणून डोस ४० टक्के कमी करावा.' प्रश्न शिरेतून चाललेल्या लिग्नोकेनचा असो, वॉरफरिनच्या गोळीचा असो की प्रोप्रॅनोलॉलच्या, उत्तर तेच. तिन्ही ठिकाणी ते चुकीचं आहे आणि प्रत्येक ठिकाणी चुकण्याचं कारण वेगळं आहे.

क्लिअरन्स म्हणजे मिनिटाला जेवढं रक्त किंवा प्लाझ्मा औषधापासून साफ होतं तो आकडा. त्याचं सूत्र बहुतेकांना पाठ असतं. गडबड होते ती क्रमात. घटलेल्या रक्तप्रवाहाचा आकडा गणितात चौथ्या टप्प्यावर यायला हवा, मुलं तो पहिल्याच ओळीत घालतात. म्हणून हा लेख टप्प्यांनी लिहिला आहे. एम. फार्म. आणि एमबीबीएसचे विद्यार्थी, नव्याने क्लिनिकल फार्मसीत आलेले लोक यांच्यासाठी आहे. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या गोळ्यांचा डोस यावरून बदलू नका. ते काम त्या रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचं.

## बसण्याआधी हाताशी काय हवं

आधी शरीराचे आकडे. ७० किलोच्या निरोगी प्रौढासाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- लिव्हरचा रक्तप्रवाह: किलोमागे सुमारे २० मिली/मिनिट, म्हणजे १४०० मिली/मिनिट. यातला साधारण तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून लिव्हरकडे येणारी शीर) येतो, उरलेला हिपॅटिक आर्टरीतून.
- दोन्ही किडन्यांचा मिळून रक्तप्रवाह: सुमारे १२०० मिली/मिनिट.
- किडनीचा प्लाझ्मा-प्रवाह: हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ४५ टक्के धरला तर १२०० × ०.५५ = ६६० मिली/मिनिट.
- जीएफआर, म्हणजे दोन्ही किडन्या मिळून प्लाझ्मा गाळतात तो वेग: सुमारे १२० मिली/मिनिट.

मग औषधाची माहिती: शिरेतून दिल्यावर मोजलेला क्लिअरन्स, तो प्लाझ्मात मोजला की पूर्ण रक्तात, रक्त-प्लाझ्मा गुणोत्तर (औषधाची रक्तातली पातळी भागिले प्लाझ्मातली), फ्री फ्रॅक्शन म्हणजे प्रथिनांना न चिकटलेला हिस्सा, न बदलता लघवीतून जाणारा हिस्सा आणि औषध कोणत्या मार्गाने दिलं जातंय ते.

इशारा: गोळी देऊन मोजलेला क्लिअरन्स इथे चालत नाही. तो खरा क्लिअरन्स नसतो. खऱ्या क्लिअरन्सला बायोअव्हेलेबिलिटीने (गिळलेल्या औषधाचा मुख्य रक्ताभिसरणात पोचणारा हिस्सा) भागल्यावर आलेला तो आकडा असतो. बायोअव्हेलेबिलिटी ०.२ असेल तर आकडा पाचपट फुगलेला दिसेल आणि पुढचं सगळं गणित वाहून जाईल.

तपासा: सगळे आकडे एकाच एककात आहेत का? निम्मे संदर्भग्रंथ लिटर/तास देतात, निम्मे मिली/मिनिट. १ लिटर/तास म्हणजे १६.७ मिली/मिनिट. मागच्या वर्षी एका हुशार मुलीचं सगळं उत्तर याच एका ओळीवर गेलं.

## टप्पा १: क्लिअरन्सची वाटणी करा

एकूण क्लिअरन्सला न बदलता लघवीतून जाणाऱ्या हिस्स्याने गुणलं की किडनीचा क्लिअरन्स मिळतो. एकूणातून तो वजा केल्यावर जे उरतं ते 'किडनीबाहेरचं'. बहुतेक जण इथेच त्याला 'लिव्हरचं' म्हणून मोकळे होतात. थोडं थांबा.

एस्मोलॉलचं विघटन रक्तातल्या लाल पेशींमधली एस्टरेझ एन्झाइम्स करतात. रेमिफेंटॅनिल रक्तातल्या आणि ऊतींमधल्या एस्टरेझमुळे तुटतं. या दोघांचा हिशोब लिव्हरच्या खात्यावर टाकायचाच नाही. लिव्हरचा प्रवाह निम्मा झाला तरी त्यांना फारसा फरक पडत नाही.

आपण पुढे सोबत ठेवणार आहोत ते लिग्नोकेन मात्र सरळ वागतं. न बदलता लघवीतून दहा टक्क्यांहूनही कमी जातं, बाकी सगळं लिव्हरमध्ये. निरोगी माणसात त्याचा प्लाझ्मा क्लिअरन्स किलोमागे सुमारे १० मिली/मिनिट, म्हणजे ७० किलोला ७००. सोपेपणासाठी सगळे ७०० लिव्हरचे धरू.

## टप्पा २: प्लाझ्माचा आकडा रक्ताच्या आकड्यात बदला

अवयवातून वाहतं ते रक्त. प्रयोगशाळेतून येतो तो बहुधा प्लाझ्माचा आकडा. दोन्हींची तुलना थेट करायची नाही. प्लाझ्मा क्लिअरन्सला रक्त-प्लाझ्मा गुणोत्तराने भागा, रक्ताचा क्लिअरन्स मिळेल.

लिग्नोकेनचं गुणोत्तर सुमारे ०.८४. म्हणून ७०० ÷ ०.८४ = ८३३ मिली/मिनिट.

फरक छोटा वाटतो, कारण इथे गुणोत्तर एकाच्या जवळ आहे. पण काही औषधं लाल पेशींत ठाण मांडून बसतात. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी प्लाझ्मातल्यापेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून ते मोजतातच पूर्ण रक्तात. तिथे आकडा आधीच रक्ताचा असतो, पुन्हा भागायचं नाही. सवयीने दोनदा भागलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

तपासा: रक्ताचा क्लिअरन्स अवयवाच्या रक्तप्रवाहापेक्षा जास्त येतोय का? लिव्हर मिनिटाला १४०० मिलीहून जास्त रक्त स्वच्छ करूच शकत नाही, कारण तेवढंच त्याच्याकडे येतं. जास्त आला तर दोन शक्यता: एकक किंवा रूपांतर चुकलं, नाहीतर औषध आणखी कुठेतरी साफ होतंय. प्रोपोफॉलचा क्लिअरन्स लिव्हरच्या रक्तप्रवाहापेक्षा जास्त येतो आणि तो खराच आहे. लिव्हर प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेत शरीरात काम करणारं लिव्हर नसतं त्या काळातही त्याचं विघटन चालू असल्याचं दिसलं आहे.

## टप्पा ३: एक्स्ट्रॅक्शन रेशो काढा

सगळं गणित याच टप्प्यावर ठरतं. अवयवाचा रक्त-क्लिअरन्स भागिले त्या अवयवाचा रक्तप्रवाह. लिव्हरमधून एकदा जाताना रक्तातलं किती औषध उचललं गेलं, त्याचा तो हिस्सा.

लिग्नोकेन: ८३३ ÷ १४०० = ०.५९५, म्हणजे साधारण ०.६.

०.३ च्या खाली कमी, ०.७ च्या वर जास्त, मधलं मध्यम. जास्तच्या बाजूला प्रोप्रॅनोलॉल, व्हेरापामिल, मॉर्फिन. कमीच्या बाजूला वॉरफरिन, फेनिटोइन, डायझेपाम, थिओफिलिन. लिग्नोकेन पाठ्यपुस्तकांत सहसा 'जास्त'च्या यादीत असतं आणि आपल्या गणितात ते सीमेच्या थोडं अलीकडे पडलं. गोंधळू नका. ०.३ आणि ०.७ या शिकवण्याच्या सोयीच्या रेषा आहेत, निसर्गाने आखलेल्या नाहीत. म्हणून यादीतलं नाव पाठ करण्यापेक्षा आकडा काढा.

मुलांना मी हे गिरणीवरून सांगते. गावात जोरात दळणारी गिरणी आहे. तिथे दिवसभरात किती पीठ निघेल हे किती डबे आले त्यावर ठरतं. डबे निम्मे आले तर पीठही जवळपास निम्मं. आता दुसरी गिरणी, जुनी, तासाला एक डबा दळणारी. तिच्यासमोर वीस डब्यांची रांग असो की दहाची, संध्याकाळी पीठ तेवढंच. पहिली गिरणी म्हणजे प्रोप्रॅनोलॉल हाताळणारं लिव्हर, दुसरी म्हणजे वॉरफरिन हाताळणारं. लिव्हर तेच, औषध बदललं की गिरणी बदलते.

इशारा: एक्स्ट्रॅक्शन रेशो हा औषधाचा जन्मजात गुण नाही. अमुक औषध, अमुक लिव्हर आणि अमुक प्रवाह या तिघांचा मिळून तो आकडा असतो. सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होत जाण्याच्या आजारात, 'जास्त'वालं औषध 'मध्यम' होऊ शकतं. इंडोसायनिन ग्रीनचा क्लिअरन्स मोजून लिव्हरचा प्रवाह काढणारे इथेच फसतात. निरोगी लिव्हर तो रंग बहुतांशी उचलून घेतं, आजारी लिव्हर तेवढा उचलत नाही. मग कमी आलेला आकडा प्रवाहाचा की पेशींचा, हे त्या एका मोजमापावरून सांगता येत नाही.

## टप्पा ४: आता रक्तप्रवाह बदला

यासाठी आधी लिव्हरची स्वतःची ताकद काढावी लागते, म्हणजे रक्ताचा पुरवठा अमर्याद असता तर एन्झाइम्सनी किती रक्त साफ केलं असतं. फ्री फ्रॅक्शन आणि इन्ट्रिन्सिक क्लिअरन्स यांचा गुणाकार. या लेखापुरतं त्याला 'ताकद' म्हणू. लिव्हरला नीट ढवळलेलं एकच भांडं मानणाऱ्या वेल-स्टर्ड मॉडेलचं सूत्र असं:

क्लिअरन्स = (प्रवाह × ताकद) ÷ (प्रवाह + ताकद)

उलटं फिरवलं की:

ताकद = (प्रवाह × क्लिअरन्स) ÷ (प्रवाह − क्लिअरन्स)

लिग्नोकेन: (१४०० × ८३३) ÷ (१४०० − ८३३) = सुमारे २०५७ मिली/मिनिट.

आता प्रवाह ४० टक्के घटवा, १४०० चा ८४० करा. ताकद तीच ठेवा.

नवा रक्त-क्लिअरन्स = (८४० × २०५७) ÷ (८४० + २०५७) = सुमारे ५९६. प्लाझ्माच्या आकड्यात परत आणायला ०.८४ ने गुणा, ५०१ मिली/मिनिट.

७०० चा ५०१ झाला. घट २८ टक्के, ४० नाही. शिवाय नवा एक्स्ट्रॅक्शन रेशो बघा: ५९६ ÷ ८४० = ०.७१. आधी ०.६ होता. रक्त हळू वाहू लागलं की लिव्हरला प्रत्येक थेंबासोबत जास्त वेळ मिळतो, ते त्यातून जास्त औषध उचलतं आणि प्रवाहातली घट अंशतः भरून निघते. रेशो स्थिर धरून नुसता प्रवाहाने गुणाकार करणं ही या विषयातली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे.

हेच वॉरफरिनला लावा. त्याचा क्लिअरन्स मिनिटाला सुमारे ३ मिली. प्रवाह १४०० असताना आणि ८४० असताना उत्तरातला फरक दशांश चिन्हानंतर दुसऱ्या-तिसऱ्या अंकात जाऊन सापडतो. डोस बदलण्याचं कारण तिथे प्रवाहात शोधायचंच नाही, एन्झाइम्समध्ये आणि प्रथिनांच्या बंधनात शोधायचं.

तपासा: गणित झालं, आता वास्तवाशी ताडून बघा. हृदय निकामी झालेल्या रुग्णांत लिग्नोकेनचा क्लिअरन्स किलोमागे सुमारे ६.३ मिली/मिनिट मोजला गेला आहे, म्हणजे ७० किलोला ४४१. आपल्या गणिताने ५०१ सांगितला होता. मधले साठ कुठे गेले? प्रत्येक रुग्णात प्रवाह नेमका ४० टक्केच घटतो असं नाही, हे एक. दुसरं, आपण ताकद तीच धरली होती. हृदय थकलं की लिव्हरमध्ये रक्त तुंबतं, पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, एन्झाइम्सचं कामही मंदावतं. प्रवाहाच्या सूत्राने जेवढं समजतं तेवढं घ्यायचं, उरलेल्यासाठी प्रवाहालाच ताणायचं नाही.

याचा रुग्णाशी संबंध किती थेट आहे ते एका भागाकारात दिसतं. इन्फ्युजनची, म्हणजे शिरेतून सतत चालू ठेवलेल्या औषधाची, स्थिर पातळी म्हणजे देण्याचा वेग भागिले क्लिअरन्स. मिनिटाला ३ मिलिग्रॅम लिग्नोकेन चालू आहे. निरोगी माणसात ३००० ÷ ७०० = ४.३ मायक्रोग्रॅम/मिली, म्हणजे १.५ ते ५ या उपचाराच्या पट्ट्यात. हृदय निकामी झालेल्यात ३००० ÷ ४४१ = ६.८, म्हणजे झटके येण्याच्या वाटेवर. पंप तोच, वेग तोच.

## टप्पा ५: औषध कोणत्या मार्गाने दिलंय ते विचारा

वरचं सगळं शिरेतून दिलेल्या औषधाचं झालं. गोळी गिळली की चित्र पालटतं आणि परीक्षेत सर्वाधिक गुण इथे जातात.

आतड्यातून शोषलेलं औषध पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरकडे जातं. तिथून निसटतं तेवढंच पुढे शरीरात पोचतं. म्हणून पूर्ण शोषण धरलं तर बायोअव्हेलेबिलिटी = १ वजा एक्स्ट्रॅक्शन रेशो.

सोयीच्या आकड्यांचं एक काल्पनिक औषध घेऊ. ताकद ५६००, प्रवाह १४००.

क्लिअरन्स = (१४०० × ५६००) ÷ ७००० = ११२०. रेशो ०.८. बायोअव्हेलेबिलिटी ०.२.

प्रवाह ८४० करा. क्लिअरन्स = (८४० × ५६००) ÷ ६४४० = ७३०. रेशो ०.८७. बायोअव्हेलेबिलिटी ०.१३.

आता एयूसी, म्हणजे शरीराला औषध एकूण किती भेटलं, ते काढा. डोस × बायोअव्हेलेबिलिटी ÷ क्लिअरन्स. ४० मिलिग्रॅमच्या गोळीला आधी ४०,००० × ०.२ ÷ ११२० = ७.१४. नंतर, दशांश न गाळता, ४०,००० × ०.१३०४ ÷ ७३०.४ = ७.१४.

तोच आकडा. क्लिअरन्स घटला खरा, पण पहिल्याच फेरीत लिव्हरने जास्त औषध गिळलं आणि दोन्ही बदल एकमेकांना खाऊन टाकतात. गोळीच्या एयूसीत शेवटी डोस आणि ताकद एवढंच उरतं. प्रवाह सूत्रातून निघूनच जातो. म्हणजे जास्त रेशोच्या औषधाची गोळी चालू असेल तर काळजी एन्झाइम दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाची करायची, कारण ताकद निम्मी झाली तर एयूसी सरळ दुप्पट.

पण 'गोळीला प्रवाहाचा काहीच फरक पडत नाही' असंही लिहू नका. तीन ठिकाणी पडतो.

पहिलं, सरासरी पातळी तीच राहिली तरी वक्राचा आकार बदलतो. टोक खाली येतं, शेपटी लांबते.

दुसरं, जेवण. पोट भरलं की आतड्यांचा आणि पोर्टल व्हेनचा प्रवाह काही काळ वाढतो आणि गोळी नेमकी त्याच वेळी शोषली जात असते. त्या तासाभरात जास्त औषध लिव्हरला चकवून निसटतं. नंतर प्रवाह पूर्ववत होतो, क्लिअरन्सही. दोन बाजू एकमेकांना पूर्ण खात नाहीत. प्रोप्रॅनोलॉल आणि मेटोप्रोलॉल जेवणासोबत घेतल्यावर जास्त प्रमाणात रक्तात पोचतं त्यामागचं हे एक कारण मानलं जातं. म्हणून रोज एकतर जेवणासोबत किंवा रोज रिकाम्या पोटी, सवय एकच ठेवायची.

तिसरं आणि सगळ्यात धोक्याचं, सिऱ्होसिसमधले आडमार्ग. पोर्टल व्हेनचा दाब वाढला की रक्त लिव्हरला वळसा घालून थेट मुख्य रक्ताभिसरणात जातं. शरीराने स्वतः काढलेला हा बायपास, किंवा उपचार म्हणून मुद्दाम बसवलेला शंट. वळसा घालणारं औषध पहिल्या फेरीत वाचतं. बायोअव्हेलेबिलिटी ०.२ असलेलं औषध अर्ध्याहून जास्त आत पोचलं तर गोळीचा नेहमीचा डोस अडीचपटीने लागू होतो आणि वर क्लिअरन्सही घटलेला असतो. एयूसी तेच राहण्याचा वरचा हिशोब इथे मोडतो, कारण तो सगळं रक्त लिव्हरमधूनच जातं असं धरून मांडला होता.

## टप्पा ६: हाफ-लाइफवरून क्लिअरन्स ओळखू नका

लिग्नोकेनच्याच मोजलेल्या आकड्यांनी दाखवते. हे जुने आकडे आहेत, पण शिकवायला यांच्याइतके चांगले दुसरे मला सापडले नाहीत.

निरोगी: क्लिअरन्स किलोमागे १० मिली/मिनिट, व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन (औषध शरीरात किती जागेत पसरल्यासारखं दिसतं तो आकडा) किलोमागे १.३२ लिटर, हाफ-लाइफ (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) सुमारे १०८ मिनिटं.

हृदय निकामी: क्लिअरन्स ६.३, व्हॉल्यूम ०.८८, हाफ-लाइफ सुमारे ११५ मिनिटं.

लिव्हरचा आजार: क्लिअरन्स ६.०, व्हॉल्यूम २.३१, हाफ-लाइफ सुमारे २९६ मिनिटं.

मधली ओळ पुन्हा वाचा. क्लिअरन्स एक तृतीयांशाहून जास्त घटला आणि हाफ-लाइफ जवळपास हललीच नाही. कारण व्हॉल्यूमही त्याच प्रमाणात आक्रसला. नुसती हाफ-लाइफ पाहणारा म्हणेल, 'सगळं ठीक आहे, वेग तोच ठेवा', आणि पातळी दीडपटीवर जाईल.

इन्फ्युजनचा वेग क्लिअरन्सवर ठरतो, सुरुवातीचा लोडिंग डोस व्हॉल्यूमवर आणि स्थिर पातळी यायला किती वेळ लागेल हे हाफ-लाइफवर. हृदय निकामी असेल तर लोडिंग आणि वेग दोन्ही कमी. लिव्हरच्या रुग्णात लोडिंग कमी करायचं कारण नाही, वेग मात्र कमी.

इशारा: स्थिर पातळी यायला चार ते पाच हाफ-लाइफ लागतात. लिव्हरच्या रुग्णात हाफ-लाइफ पाच तासांच्या घरात, म्हणजे वीस ते पंचवीस तास. सहाव्या तासाला रक्त काढून 'पातळी कमीच आहे, वेग वाढवू' म्हणणं म्हणजे दूध अजून तापतंय म्हणून गॅस मोठा करून बाहेर जाण्यासारखं.

## टप्पा ७: एकूण पातळी की मोकळी पातळी?

काम करतं ते प्रथिनांना न चिकटलेलं औषध. रिपोर्टवर बहुधा एकूण आकडा असतो. फ्री फ्रॅक्शन बदललं की दोघांची वाट वेगळी होते, आणि कशी होते ते पुन्हा टप्पा ३ वरच्या उत्तरावर अवलंबून आहे.

कमी रेशोचं औषध: फ्री फ्रॅक्शन वाढलं की क्लिअरन्सही वाढतो, एकूण पातळी खाली येते, मोकळी पातळी जिथे होती तिथेच. फेनिटोइनचं उदाहरण वॉर्डात रोज भेटतं. सामान्यतः दहा टक्के मोकळं, एकूण पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम/मिली, म्हणजे मोकळी १ ते २. अल्ब्युमिन (औषध ज्याला चिकटतं ते रक्तातलं प्रथिन) घसरून मोकळा हिस्सा वीस टक्के झाला आणि रिपोर्ट ८ आला, तर मोकळी १.६. अगदी योग्य. इथे '८ म्हणजे कमी' म्हणून डोस वाढवला की रुग्ण अडखळत चालायला लागतो. फेनिटोइनची एन्झाइम्स लवकर भरून जातात, त्यामुळे टप्पा ४ चं सरळ सूत्र त्याला तसंही लावायचं नाही.

शिरेतून दिलेलं जास्त रेशोचं औषध याच्या उलट वागतं. क्लिअरन्स प्रवाहाने बांधलेला, म्हणून एकूण पातळी फारशी हलत नाही. फ्री फ्रॅक्शन दुप्पट झालं तर मोकळी पातळी दुप्पट, आणि रिपोर्ट मात्र कालच्यासारखाच. दोन्हींत मला हा प्रकार जास्त वाईट वाटतो, कारण इथे कागद गप्प बसतो.

## टप्पा ८: किडनीचा हिशोब वेगळा ठेवा

लिव्हरचं सूत्र उचलून किडनीला चिकटवू नका. किडनीत तीन कामं चालतात: गाळणं, नळ्यांमधून बाहेर टाकणं आणि परत शोषणं. प्रत्येकाचं रक्तप्रवाहाशी नातं निराळं.

आधी फ्री फ्रॅक्शन × जीएफआर काढा आणि किडनीच्या क्लिअरन्सशी ताडा.

जवळपास सारखं आलं, तर औषध मुख्यतः गाळून जातं. जेन्टामायसिन हे नेहमीचं उदाहरण. येणाऱ्या ६६० मिली प्लाझ्मापैकी गाळलं जातं ते १२०, म्हणजे फक्त गाळून जाणाऱ्या औषधाचा किडनीतला रेशो ०.१८ च्या वर जाऊच शकत नाही. अशा औषधाला रक्तप्रवाहापेक्षा जीएफआर महत्त्वाचा, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. सरासरी रक्तदाब साधारण ८० ते १८० च्या दरम्यान असेपर्यंत किडनी आपल्या धमन्या आवळून-सैलावून जीएफआर सांभाळते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आत येणारी धमनी सैलावू देत नाहीत, एसीई इनहिबिटर ही रक्तदाबाची औषधं बाहेर जाणारी सैल करतात. दोन्ही चालू असताना त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि जुलाब अशी भर पडली की सांभाळण्याची ही सोयच जाते.

किडनीचा क्लिअरन्स त्याहून बराच जास्त आला, तर नळ्या औषध बाहेर टाकतायत. मेटफॉर्मिनचा किडनी क्लिअरन्स सुमारे ५०० मिली/मिनिट. ते प्रथिनांना चिकटत नाही, म्हणून गाळलेले १२० आणि उरलेले ३८० नळ्यांनी टाकलेले. रेशो ५०० ÷ ६६० = ०.७६. हे औषध प्रवाहाला जागतं. इथे छेदात १२०० घातले तर रेशो ०.४२ येतो आणि औषध 'मध्यम' ठरतं. प्लाझ्माच्या क्लिअरन्सला रक्ताच्या प्रवाहाने भागण्याची टप्पा २ मधलीच चूक, दुसऱ्या वेशात. बेंझिलपेनिसिलिनही नळ्यांतून जातं. प्रोबेनेसिड दिलं की ती वाट अडते, प्रवाह कितीही असो.

किडनीचा क्लिअरन्स बराच कमी आला, तर औषध परत शोषलं जातंय. लिथियमचा मोठा हिस्सा सोडियमच्या मागोमाग परत रक्तात येतो. मे महिन्यात विदर्भात दिवसभर उन्हात काम केलेल्या, पाणी-मीठ घाम होऊन गेलेल्या रुग्णाची किडनी सोडियम घट्ट धरून ठेवते आणि त्यासोबत लिथियमही. त्याला प्रवाहाचं सूत्र लावून काही हाती लागणार नाही. हात थरथरतायत का ते विचारा आणि पातळी पाठवा.

तपासा: जीएफआर कुठून घेतला? क्रिएटिनिनवरून काढलेला आकडा फक्त क्रिएटिनिन स्थिर असतानाच खरा. किडनी आज सकाळी बंद पडली असेल तर क्रिएटिनिन संध्याकाळीही १.२ दाखवू शकतं, कारण ते साचायला वेळ लागतो. कॅल्क्युलेटर ८० सांगेल, प्रत्यक्षात जीएफआर शून्याच्या जवळ असेल. अशा दिवशी लघवीची पिशवी बघा, मागचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवा, आणि जेन्टामायसिनचा पुढचा डोस घड्याळ बघून नाही तर पातळी बघून द्या. उलट बाजूही आहे. अतिदक्षता विभागातल्या तरुण सेप्सिसच्या रुग्णात हृदय जोरात पंप करत असतं, किडनीचा प्रवाह वाढलेला असतो आणि क्रिएटिनिन क्लिअरन्स १३० च्या वर गेलेला सापडतो. तिथे नेहमीच्या डोसाचं पेनिसिलिन पुढच्या डोसाच्या कितीतरी आधी संपून गेलेलं असतं.